निरोगी माणसाचा नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे सोनारीण म्हणत. नखाएवढ्या काचेवर सोन्याचे इतके बारीक ठिपके उठवायचे की केसाच्या जाडीत शेकडो मावावेत, हे तिचं काम. "सोनं आहे, पण कानात घालायला पुरत नाही," असं ती स्वतःच सांगायची.

त्या ठिपक्यांवर उजेड पडला की ते त्यातला एक ठरावीक रंग गिळतात. ठिपक्याला डोळ्यांना न दिसणारा एखादा कण चिकटला, की गिळलेला रंग किंचित लालीकडे सरकतो आणि पडद्यावरची सरळ रेघ टुणकन पायरीभर वर चढते. एक पायरी म्हणजे एक कण.

तिचा मोठा भाऊ स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापायचा. चौदा वर्षं. वर्षभर त्याचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, "स्पष्ट काही दिसत नाही. सिगारेट सोडा." दादानं जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

"दादा, माझ्या यंत्रात बघू?"

"तुझं यंत्र काय माझ्या छातीत डोकावणार?"

"तू फक्त या थंड नळीत श्वास सोडायचा. त्याचं पाणी होतं, ते मी नेणार."

दादा टाळाटाळ करू लागला, तशी वहिनी म्हणाली, "सोडा की! एरवी घोरून भिंती हलवता."

तुलनेसाठी निरोगी माणसाचा नमुना हवा होता. तो वहिनीनं हसत हसत दिला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची परवानगी घेऊन सोनारीण रविवारी कामाला बसली. आधी शुद्ध पाणी सोडलं, रेघ सपाट राहिली. मग दादाच्या कारखान्यातली धूळ पाण्यात कालवून सोडली आणि पायऱ्यांची उंची टिपून ठेवली. दादाच्या नमुन्यात त्याच उंचीच्या पायऱ्या एकामागून एक चढत गेल्या. त्याची तिच्या मनाची तयारी होती.

वहिनीच्या नमुन्याची नव्हती. तिथेही रेघ चढू लागली. काच नीट धुतली गेली नसेल म्हणून तिनं कोरी काच लावली. पुन्हा तेच. शेवटी स्वतःचा श्वास तपासला. तासाभरात जेमतेम दोन पायऱ्या.

मग तिला उमगलं. दादाचे धुळीनं माखलेले कामाचे कपडे वहिनी रोज दारात झटकायची आणि मग धुवायला घ्यायची.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. "हे यंत्र अजून कुठल्याही दवाखान्यानं मानलेलं नाही. कण सापडले म्हणजे आजार झाला, असं म्हणता येणार नाही."

"काही नाही, असं तरी म्हणता येईल का, सर?"

सरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी फुफ्फुसांच्या एका तज्ज्ञाला चिठ्ठी लिहून दिली.

घरी तिनं आधी दादाचं सांगितलं. त्यानं मान डोलावली, जणू त्याला ठाऊकच होतं. वहिनीनं विचारलं, "आणि माझं?"

तिला खोटं बोलता आलं नाही.

दादा उठला. दोरीवरचे कामाचे कपडे ओढून त्यानं पिशवीत कोंबले, पिशवीचं तोंड गाठ मारून आवळलं आणि तिथेच जमिनीवर बसला. "घर घाण होऊ नये म्हणून मी बूटसुद्धा बाहेर काढायचो गं," तो वहिनीला म्हणाला. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांपैकी कोणीच रडलं नाही. सोनारणीला तेच सोसवेना.

तज्ज्ञानं दोघांची बारकाईनं तपासणी केली. दादाची फुफ्फुसं आतून दगडासारखी घट्ट होत चालली होती. वहिनीची नुकती सुरुवात होती. औषध असं नव्हतं. दादानं मालकाला आलेख दाखवला आणि काम सोडलं. "असल्या यंत्राला कोण विचारतो?" असं म्हणून मालकानं आठवड्याच्या आत दुसरा माणूस ठेवला. तिसऱ्या वर्षी दादा गेला.

त्यानंतर वहिनी स्वतः त्या कारखान्यातल्या कामगारांच्या घरी गेली. चार बायकांनी नळीत श्वास सोडला. निकालाच्या दिवशी दोघीच आल्या. तिसरीनं निरोप पाठवला, "सांगू नका. कळून तरी काय करणार?" चौथीचा फोन लागला नाही.