चकतीची सनद

निजामाच्या अमदानीत उमापूरच्या त्रिंबक सुताराला एक नवी गोष्ट सुचली. यात त्याचा काही दोष नव्हता. पेरताना बाया तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीने ज्वारी सोडत. हात दमला की ओळ विरळ होई. त्रिंबकने चाड्यात भोकांची फिरती चकती बसवली. दाणे सारखे पडू लागले.

"नक्कल होईल," गावचे देशमुख सुंदरराव म्हणाले. "सरकारातून सनद काढ. मग दुसऱ्या कुणी ही चकती करायची न्हाई."

सनद आली. उर्दूत होती, त्यामुळे तिच्याबद्दलचा आदर आपोआप वाढला. सोबत चकतीचं चित्र, भोकांच्या मापासकट. त्रिंबकने ती चौकटीत घालून देवाशेजारी टांगली.

पुढच्या पेरणीला चकतीत करडई अडकली. तिचा दाणा ज्वारीहून जाड.

"भोक वाढवा की," बायको रतनबाई म्हणाली.

"चित्रात एवढंच हाय. वाढवलं तर सनद कशाची ऱ्हाईल?"

"मग करडईला सांगा, बारीक हो म्हणून."

आष्टीच्या गहिनीनाथ सुताराने भोक वाढवलं. लोक बाजारातून त्याच्याच चकत्या आणू लागले. त्रिंबक सनद घेऊन देशमुखांकडे धावला. सुंदररावांनी गहिनीनाथची चकती चित्रावर ठेवून पाहिली.

"हुबेहूब असती तर धरलाच असता," ते हळहळले. "पण गड्यानं सुधारलीय."

त्यानंतर त्रिंबकने चकती करणंच सोडलं. सनद तेवढी रोज पुसायचा.

एक दिवस बंकट आला. गावातलाच शेतकरी. हातात आष्टीची चिरलेली चकती.

"जोडून दे."

"ज्यानं केली त्याच्याकडं जा."

"आमच्या खळ्यावरचं बलुतं कोण नेतं बे? तू का गहिनीनाथ?"

बलुतं नेणाऱ्या सुताराने गावचं मोडलेलं औत माघारी धाडायचं नसतं. तिथे सनद चालत नाही. त्रिंबक कुरकुरत बसला. जोडता जोडता थबकला. भोकाची कड धारदार होती. दाणा तिथे कापला जात होता. त्याने कानस घेतली, कड गोल केली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासली. जेवायची हाक त्याला ऐकूच गेली नाही.

"आता हिचीबी सनद काढतोस काय?" बंकट म्हणाला.

त्रिंबकने एकदा चौकटीकडे पाहिलं.

"आधी पेरून ये. काय अडकतंय ते सांग. अन् आष्टीला गेलास तर ही कड त्यालाबी दाव. मेला, दाणे फोडतोय."