कबुली

ओडेसा प्रूइटनं उजवा हात वर केला, तसा बेडीत अडकलेला डावाही वर गेला. कोर्टाच्या शिपायानं पुढे होऊन बेडी सोडली आणि खरं तेच सांगेन अशी शपथ तिनं पुन्हा एकदा नीट घेतली.

शेजारी मिस हॅनिगन उभी होती, सरकारनं दिलेली वकील. सकाळीच तिनं तुरुंगात येऊन बजावलं होतं, "सगळ्याला हो म्हणायचं. फक्त कुणी वचन दिलं का असं विचारलं, की नाही. तेवढं केलंत की आजच घरी."

घरी जायची ओडेसाला फार घाई होती. तिची म्हातारी आई शेजारच्या रूथॅनकडे होती आणि रूथॅन शनिवारी लेकीकडे टेक्सासला चालली होती. मग काउंटीची माणसं आईला सरकारी वृद्धाश्रमात नेणार. ओडेसाशिवाय कुणी भरवलं तर आई तोंड मिटून घ्यायची. आश्रमात ती आठवडाभरही टिकली नसती.

ओडेसा ज्या शुश्रूषागृहात काम करायची, तिथल्या एका आजोबांच्या दुखण्यावरच्या गोळ्या चोरल्याचा तिच्यावर आरोप होता. तिनं त्या घेतल्या नव्हत्या. पण खटला उभा राहायला हिवाळा उजाडणार आणि तोवर मुक्काम कोठडीत. गुन्हा कबूल केला, तर भोगलेले एक्केचाळीस दिवस हीच शिक्षा. हे गणित तिला कितीदा समजावून सांगितलं तरी डोक्यात शिरत नव्हतं.

जज व्हिटलो स्वभावानं भले होते. प्रत्येक प्रश्न सावकाश विचारायचे.

"ज्युरीपुढे खटला चालवायचा हक्क तुम्हाला आहे. तो सोडताय?"

"हो, साहेब."

"साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा?"

"हो."

"स्वतःविरुद्ध न बोलण्याचा?"

"तोही सोडायचा का? बरं, हो."

राज्यघटनेनं आपल्याला इतकं भरभरून दिलंय हे तिला आजच कळत होतं आणि कळताकळताच एकेक परतही करावं लागत होतं.

"या कबुलीसाठी कुणी काही वचन दिलं?"

"या बाईंनी दिलं की. आज घरी सोडतील म्हणाल्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हॅनिगनचे कान लाल झाले. "साहेब, सरकारी वकिलांशी झालेला समझोता कागदावर आहे. त्याबद्दल म्हणतायत त्या."

"कागदाबाहेरचं काही?"

"नाही, साहेब," ओडेसा घाईघाईनं म्हणाली.

"गुन्हा कबूल करताय, तो खरोखर केला म्हणूनच ना?"

इथे ओडेसाची जीभ अडली. शपथेसाठी वर केलेला हात अजून तिला जड वाटत होता.

"नाही हो, साहेब. गोळ्यांना मी हातसुद्धा लावला नाही. पण कबूल आहे."

"असं चालत नाही, बाई. निर्दोष माणसाची कबुली मी घेत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे हे."

"मग निर्दोष माणसाचं तुम्ही काय करता?"

"परत तुरुंगात पाठवतो," जज म्हणाले आणि स्वतःच जरा थबकले. "म्हणजे, खटला होईपर्यंत."

"आणि चोराला?"

"दोन मिनिटं द्या, साहेब," हॅनिगन मध्ये पडली. तिनं ओडेसाला भिंतीकडे नेलं.

"अहो, आधी शपथ घ्यायला लावता, मग खोटं बोला म्हणता! मी करू तरी काय?"

"खोटं बोला असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. सनद जाईल माझी. फक्त एवढंच सांगते, आज गुरुवार आहे."

ओडेसा जागेवर परतली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"गोळ्या मी घेतल्या, साहेब."

उभ्या आयुष्यात तिनं कुणाची काडी उचलली नव्हती. लाजेनं तिचा चेहरा पेटला. कबुली खरी आणि स्वखुशीची असल्याची नोंद जजनी केली आणि ते छापील अटी वाचू लागले. महिन्यातून एकदा हजेरी. औषधांच्या दुकानात नोकरी नाही. पासष्टीच्या पुढच्या कुठल्याही व्यक्तीची देखभाल, पगारी वा बिनपगारी, दोन वर्षं करायची नाही. केल्यास पुन्हा तुरुंग.

"सगळं समजलं?"

"हो, साहेब," ओडेसा म्हणाली. आता ती अडखळत नव्हती.

"जा घरी, बाई."

हॅनिगन पुढच्या अशिलाची फाईल चाळत होती, ती मान वर करून जजकडे पाहतच राहिली. पण त्यांनी पुढचं नाव पुकारलंही होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात ओडेसा कोटाच्या बाह्या चढवत होती. एक्केचाळीस दिवसांनी स्वतःचा कोट मिळाला होता. हॅनिगन हळूहळू तिच्याजवळ आली.

"मिसेस प्रूइट, तुमची आई... वय काय हो त्यांचं?"

"पुढच्या महिन्यात पंचाऐंशी!" ओडेसा कौतुकानं म्हणाली. "का हो?"