दुसरा कागद

गुरुवारी सकाळी लल्ला झहूरने रोजच्यासारखी शेगडी पेटवली, तांब्याचं ताट उलटं ठेवून तापवलं आणि ओल्या पिठाचा गोळा त्यावर टेकवत वरका काढायला बसली. वरका म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पोळी. सले शहरात तिच्याशिवाय मेजवानी होत नाही. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे झहूरच्या बोटांना गरम-गार कळेनासं झालं होतं. तिचा नवरा सी बुअज्जा (इकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात, पुरुषाला सी) हे पाहुण्यांना कौतुकाने सांगे. आपल्या बायकोला काही जाणवत नाही, याचा त्याला एकूणच अभिमान होता.

त्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलीचा, गिजलानचा निकाह लिहायचा होता. गिजलान दवाखान्यात रक्त तपासते. नवरामुलगा अन्वर विम्याच्या कचेरीत आहे. लग्नानंतर घर घ्यायचं, हप्ते दोघांनी भरायचे आणि कागदावर नाव अन्वरचं लावायचं, असं ठरलं होतं. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. असंच असतं.

झहूरचं घरही असंच होतं. खालची खोली बुअज्जाच्या वडिलांची, वरचे दोन मजले वरक्याचे. विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळं तिच्या शेगडीतून निघालं आणि कागदावर बुअज्जाचं झालं. गेल्या हिवाळ्यात भांडणात तो 'चालती हो' म्हणाला, तेव्हा ती कुणाला न सांगता न्यायालयात विचारायला गेली. कारकून सभ्य होता. त्याने खुर्ची दिली आणि पावत्या मागितल्या. आता स्वतःच्या नवऱ्याला दिलेल्या विटांची पावती कोण घेतं? झहूर परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडीपाशी बसली. घर सोडायला तिला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त रिकाम्या हातांनी सोडायचं होतं.

दुपारी पाहुणे आले. अन्वर, त्याची आई लल्ला बतूल, त्याचे मामा, आणि निकाह लिहिणारे दोन अदुल. अदुल नेहमी जोडीने येतात. एक लिहितो, दुसरा साक्षीला मान डोलावतो. लिहिणारे सी मक्की चांगले वयस्क होते. नावं झाली, मेहेर झाला. मग त्यांनी घसा खाकरला आणि लग्नानंतर जे मिळवाल त्याच्या वाटणीचा वेगळा करार करता येतो, हे तुम्हाला सांगणं कायद्याने माझ्यावर बंधनकारक आहे, असं एका दमात, दाढीतल्या दाढीत म्हणून पुदिन्याच्या चहाकडे हात नेला. चांगल्या घरांमध्ये इथे पान उलटतात.

"पुन्हा सांगता का?" गिजलान म्हणाली. "जरा सावकाश."

मक्कींचा हात पेल्याजवळच थांबला. त्यांनी सावकाश सांगितलं. आपण वेगळे झालो तर कुणी कमावलेलं कुणाकडे जाईल, हे आजच लिहून ठेवायचं, एवढाच अर्थ होता. सावकाश सांगितल्यावर तो भलताच स्वच्छ ऐकू आला.

"मग तो कागद करू या," गिजलान म्हणाली.

"अगं बाई," बतूल म्हणाली, "अजून हाताला मेंदी नाही आणि हिने काडीमोडाची बोलणी काढली."

मामा म्हणाले, शिकलेली मुलगी आहे, उद्या घरातले चमचेही अर्धे मागेल. दोघं-तिघं हसले. अन्वरने आईकडे पाहिलं. अडचणीच्या वेळी तो तिकडेच पाहत असे, आणि आजवर त्याला उत्तर मिळत आलं होतं.

मक्कींनी ओशाळून सांगितलं की त्या कराराचा कागद त्यांच्याजवळ नाही. एकोणीस वर्षांत कुणी मागितलाच नाही, म्हणून आणायची सवय गेली. सोमवारी कचेरीत या.

आता बुअज्जाची अब्रू पणाला लागली होती. तो मुलीला म्हणाला, "तुझ्या आईने मागितला होता का कधी कागद? विचार तिला. तिचं काय अडलं?"

झहूर वरक्यांच्या थरांत मांस भरून केलेल्या बस्तीलाची परात घेऊन दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. 'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते ती सव्वीस वर्षं म्हणत आली होती. तिने परात खाली ठेवली.

"अडलंय म्हणूनच इथे आहे," ती म्हणाली. "वरचे दोन मजले मी बांधले. उद्या यांनी बाहेर काढलं, तर गच्चीवर वाळत घातलेली चादरसुद्धा माझी म्हणून मागता येणार नाही. न्यायालयात विचारून आलेय. लोक म्हणतात, झहूरने संसार केला. मला जाता येत नव्हतं, एवढंच." मग मुलीकडे वळून म्हणाली, "कागदाशिवाय सही करू नकोस, पोरी."

पाहुणे न जेवता उठले. सलेमध्ये याला थोबाडीत मारणं म्हणतात. फक्त आवाज होत नाही. ते गेल्यावर बुअज्जाने एकच वाक्य सांगितलं. सोमवारी त्या कचेरीची पायरी चढलात, तर या घराची पुन्हा चढायची नाही, दोघींनीही.

शनिवारी अन्वरचा फोन आला. तो मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "मी करतो सही. फक्त आईला कळू द्यायचं नाही."

 गिजलानला तो आवडत होता, आणि तिचं खरं अडलं होतं ते तिथेच.

"आईला न कळता सही करशील," ती म्हणाली, "आणि आईला कळल्यावर? चोरून केलेल्या कागदाचं मी काय करू? सोमवारी तिला घेऊन ये. समोर बसव."

सोमवारी दहा वाजता दोघी अदुलांच्या कचेरीतल्या बाकावर बसल्या. झहूरच्या पायाशी एक पिशवी होती. तिच्यात कपडे आणि तांब्याचं ताट. ते एकच तिच्या माहेरचं होतं, म्हणून कुणी अडवलं नव्हतं. अकरा वाजले. बारा वाजले. मक्कींनी दोनदा डोकावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, जेवणाच्या सुटीआधी काही लिहायचं आहे का?

"माझी बाजू लिहून घ्या," गिजलान म्हणाली.

एका पक्षावर करार होत नसतो, हे मक्कींनी समजावलं. ते तिला माहीत होतं. तरी तिने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, खाली सही केली. झहूरला वाचता येत नव्हतं. तिने कागद हातात घेऊन तो कुठे संपतो, एवढं बोटाने पाहिलं.

कागदाची डावी, नवऱ्यामुलाची बाजू कोरी आहे. गिजलानने तो जपून ठेवला आहे. त्या बाजूला सही करणारा मुलगा कुठल्या तरी घरात मोठा होत असेल, आणि अडचणीच्या वेळी आईकडे पाहत असेल. तो तुमच्या घरात असेल, तर तुम्ही काय उत्तर देता, ते तेवढं बघा.