बसून बघायचं नाही

मंडळाने माझा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हाच मी ओळखलं की मला खेळातून काढलंय. आपल्याकडे माणसाला बाजूला सारायचं असलं की शाल आणतात. भांडण नाही, वाईटपणा नाही. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो, आणि मग कायमची खुर्ची.

मी मधुमती. नात सांभाळायला म्हणून पुण्याहून सिंगापूरला मुलाकडे आले आणि राहिले. सेम्बावांगला आमचा फ्लॅट. या बाजूच्या मराठी बायकांचं ‘उत्तररंग’ नावाचं मंडळ आहे. त्यातल्या पोरींना मंगळागौरीचे खेळ कुणी शिकवले? मी. सगळ्या आयटीतल्या, लॅपटॉपपुढे बसून पाठीचं पार लाकूड झालेलं. त्यांना झिम्मा शिकवला, पिंगा शिकवला, समोरची निसटणार नाही असे फुगडीत हात कसे धरायचे ते शिकवलं. फुगडीला पकवा घालायचा, म्हणजे श्वासावर तोंडाने ताल धरायचा, तर त्या लाजायच्या. ती लाज मी घालवली.

यंदा श्रावणात मंडळाने मोठा हॉल घेतला. तिकीट लावलं. संगीताचा ट्रॅक रेकॉर्ड करून आणला, त्यात पकवासुद्धा आयताच. म्हणजे खेळणारीने तोंड मिटून नुसतं फिरायचं. खेळणाऱ्या सगळ्या पंचेचाळिशीच्या आतल्या, आणि आम्हा पाच म्हाताऱ्यांना स्टेजवर खुर्च्या. हे मला सांगितलं ते माझ्याच सुनेने. विभा मंडळाची सांस्कृतिक सचिव आहे.

“आई, तुमचे गुडघे,” ती म्हणाली. “स्टेज निसरडं असतं. पडलात तर?”

उन्मेषने, माझ्या मुलाने, फोनमधून डोकं न काढता मान हलवली. काळजीपुढे बोलायची चोरी असते. रागावलं तर आपणच वाईट ठरतो.

गेल्या वर्षी असतं तर मी शाल घेऊन खुर्चीवर बसले असते. पण जूनच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही हवाईला जाऊन आलो होतो.

तिथे उन्मेषने पहिल्याच संध्याकाळी हॉटेलातला हुला नाच दाखवला. लांबलचक टेबलं, बुफे, पुढे स्टेज. एकाच मापाच्या कमरेच्या पंधरा-वीस पोरी हसत हसत नाचत होत्या आणि लोक अननस चावत बघत होते. पोरी चांगल्या होत्या, मेहनती होत्या. पण त्यांच्यात एकही म्हातारी नव्हती. मी विभाला विचारलं, इथल्या आज्या कुठे असतात? ती म्हणाली, आई, हा शो आहे. उन्मेष म्हणाला, याहून अस्सल बघायचं तर आणखी महाग पडेल.

हे मला पटेना. कुठल्याही गावचा जुना नाच आधी गावासाठी असतो, तो कुठेतरी फुकट चालूच असणार. दुसऱ्या दिवसापासून मी आणि गार्गी, माझी नात, शोधाला लागलो. ती दोघं समुद्रात पोहायला गेली की आम्ही दोघी गावात. मला इंग्रजी कळतं, पण पटकन बोलता येत नाही. बोलायचं काम गार्गीचं. हॉटेलच्या काउंटरवर विचारलं, त्यांनी पुन्हा तिकिटाचाच कागद पुढे केला. शेवटी बाजारात फुलांच्या माळा ओवणाऱ्या एका बाईपाशी मी बसकण मारली आणि तिच्या टोपलीतली फुलं ओवू लागले. गजरे करून हात तयार आहेत माझे. माझी माळ बघून ती हसली आणि गार्गीशी बोलायला लागली.

“आजी, शनिवारी पार्कमध्ये आहे, बिग बॅनियन ट्री,” गार्गी तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “फ्री लाह. बट मॅट आपली न्यायची.”

शनिवारी आम्ही हॉटेलचा टॉवेल घेऊन गेलो. वडच तो, आपल्यासारखाच, पारंब्यांचा. खाली हुला शिकवणाऱ्या एका बाईंचं सगळं गणगोत जमलेलं. डबे उघडलेले, पोरं लोळतायत. आणि पहिल्या रांगेत म्हाताऱ्या. जाड, सुरकुतलेल्या, पांढऱ्या केसांत फुलं. बाई वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यावर ताल धरून स्वतः गात होत्या. पाऊस, लाटा, डोंगर, सगळं त्या म्हाताऱ्यांच्या हातांतून दिसत होतं. त्यांतल्या दोघी तर बसून नाचत होत्या. मांडी घातलेली, कमरेपासून वर सगळा नाच. मला वाटलं, बसणं पायांच्या दुखण्यामुळे असेल. गार्गीने विचारून सांगितलं की तसं नाही, तो बसून करायचाच हुला आहे, जुना. उभ्यानं करतात त्याच मानाचा.

शेवटी बघणाऱ्यांनाही त्यांनी आत ओढलं. माझ्यासमोर त्या बसून नाचणाऱ्यांतलीच एक उठून आली. मला तिचा नाच येत नव्हता, म्हणून मी तिचे हात धरले, पाय जुळवले आणि फुगडी घातली. तोंडाने पकवाही घातला. ती आधी दचकली, मग अशी हसली की तिच्या केसांतलं फूल पडलं. मी पडले नाही.

हे सगळं मनात घेऊन मी आले होते. आता मला कुणी शाल दाखवून खुर्चीवर बसवणार होतं होय!

मंगळागौर मंगळवारी असते. मंडळाची शनिवारी, कारण हॉल शनिवारी मिळाला. मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: येत्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, सेम्बावांगच्या समुद्रकाठच्या पार्कात खेळ. तिकीट नाही. चटई आपली आणा.

घरात वादळ झालं. मंडळाच्या अध्यक्ष वल्लरीचा विभाला फोन आला, तो स्पीकरवर होता, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. तिकिटं अजून विकायची आहेत, आणि सचिवाची सासूच फुकट खेळ लावते, हा काय प्रकार? विभा माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली. उन्मेष म्हणाला, आई, तू तिला तोंडघशी पाडते आहेस. मी म्हटलं, तिच्या कार्यक्रमाला मी नावं ठेवलेली नाहीत. त्यांचं त्यांनी करावं. माझं मी करणार.

सून तुटेल की काय, ही भीती मला होतीच. रोज संध्याकाळी मी तिच्याच हातचा चहा पिते. पण खेळ सोडून त्या घरात नुसती उरले असते, तर तो चहाही गोड लागला नसता.

मंगळवारी चार बायका आल्या. तरण्या पोरींपैकी कुणीही नाही. पलीकडच्या ब्लॉकमधल्या स्मिताताई दोन्ही गुडघे बदललेल्या. मी बघत बसते, म्हणाल्या. मी म्हटलं, बसा खुशाल, पण बघत नाही. त्यांना चटईच्या मधोमध पाय लांब करून बसवलं आणि पकवा त्यांच्याकडे दिला. आधी आवाज फुटेना. मग फुटला, तो असा की पलीकडे मासे धरणारा चिनी आजोबा गळ सोडून वळला. एक मलय आजी नातवाची गाडी ढकलत चालली होती, ती थांबली. गार्गीने तिचा हात धरून तिला झिम्म्यात घेतलं.

आम्ही रंगात आलो असताना विभा आली. आंग मो किओच्या ऑफिसातून थेट, पँट-शर्ट, गळ्यात ऑफिसचा पास, खांद्याला लॅपटॉप. चेहरा लाल. गार्गीला न्यायला आले, म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने.

“मला काय वाटलं असेल, याचा विचार केलात? आणि आत्ता इथे पडला असतात तर?”

मलाही राग आला. इतक्या दिवसांचा होता तो.

“पडले तर तू उचल,” मी म्हटलं. “पण पडायच्या आधीच उचलून खुर्चीवर ठेवू नका.”

तिचे डोळे भरले, माझेही भरले. मी हात पुढे केले. तिने बॅग खाली ठेवली, पास शर्टाच्या खिशात कोंबला आणि माझे हात धरले. नीट, मी शिकवले तसे. स्मिताताईंनी पकवा धरला. पहिले दोन फेरे ती माझे गुडघे सांभाळत फिरत होती. तिसऱ्याला मीच वेग घेतला, आणि तिच्या तोंडून पकवा फुटला, ट्रॅकशिवाय.

थांबलो तेव्हा दोघींनाही धाप लागली होती. ती म्हणाली, वल्लरीशी मी बोलते. शनिवारी खुर्च्या काढू आणि तुम्हा पाचजणींना पाच मिनिटं देऊ.

“नको,” मी म्हटलं. “ती पाच मिनिटं तुम्हालाच असू देत. मी शनिवारी येईन, तिकीट काढून, तुझं कौतुक करायला. सत्कार घेणार नाही. आणि पुढच्या मंगळवारी तू इथे ये.”

“आणि मंडळाने विचारलं तर काय सांगू?”

“सांग, तिकीट नाही. बसायला हरकत नाही. पण बसून बघायचं नाही.”