गुरुवारची गाडी

तेओफिलो यौरी पेरूमधल्या हुआनकायोहून आमच्या वायोमिंगच्या रँचवर मेंढ्या राखायला आला. अर्जात त्यानं लिहिलं होतं, बापजाद्यांपासून मेंढरंच राखतो. ते निम्मं खरं होतं. बापजादे राखायचे, तो स्वतः नऊ वर्षं मेव्हण्याच्या गॅरेजात मिनीबस दुरुस्त करायचा. पण मेकॅनिकला इकडे कोणी बोलवत नव्हतं, मेंढपाळाला बोलवत होतं.

मे महिन्यात त्याला अठराशे मेंढ्या, दोन कुत्री, एक घोडा आणि चाकांवरची एक लाकडी खोली देऊन माळावर सोडलं. माळ म्हणजे नुसती करडी झुडपं आणि वारा. माणूस दिसायचा तो आठ दिवसांतून एकदा, दर गुरुवारी. पाणी, पीठ, तांदूळ, कुत्र्यांचं खाणं आणि असलंच तर पत्र घेऊन बितोर यायचा.

बितोर मूळचा स्पेनमधल्या बास्क मुलखातला. तरुणपणी मेंढपाळ म्हणूनच आला आणि इथंच राहिला. आता सहासष्ट वर्षांचा, कमरेनं अधू. तीन तळांना रसद पोचवायची म्हणून तेओफिलोकडे त्याचा मुक्काम वीस मिनिटांचा. ती वीस मिनिटं तेओफिलो आठवडाभर मनात जुळवत असे. काय सांगायचं, काय विचारायचं. आणि गाडी आली की निम्मं विसरायचा, कारण इतक्या दिवसांत बोलायची सवयच मोडलेली असायची.

जुलैच्या एका गुरुवारी सामान उतरवून झालं, बितोर गाडीत बसला, चावी फिरवली. टक्. एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. टक्.

गाडी वीस वर्षांची जुनी पिकअप. गिअर आपोआप पडणारी, त्यामुळे ढकलून चालू करायची सोय नाही. बितोरनं दिवे लावून पाहिले तर लख्ख. म्हणजे बॅटरीत जीव होता. मग तो कण्हत खाली वाकला आणि चाकाच्या पान्यानं स्टार्टरवर ठोकू लागला. परत चावी, परत टक्. बॉनेट उघडून आत हात घातला तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेचा त्याला चटका बसला. त्यानं शिवी हासडली आणि बोटं तोंडात घातली.

तेओफिलोला दिव्यांवरूनच संशय आला होता, चटक्यानं खात्री पटली. स्टार्टर चांगला होता. बॅटरीची अर्थिंगची वायर इंजिनाला जिथं बोल्टनं कसलेली असते तिथं गंज धरला असणार. इंजिनाकडून करंटला परतायला सरळ वाट नाही, म्हणून तो त्या बारीक तारेतून जायला बघत होता आणि तार तापत होती. असल्या मिनीबस त्यानं डझनानं पाहिल्या होत्या. दहा मिनिटांचं काम.

“तुला कळतं का रे यातलं काही?” बितोरनं विचारलं.

“नाही काका. मेंढीचा पाय मोडला तर सांगा.”

पुढं त्यानं मला सांगितलं, की हे तोंडातून कसं गेलं ते त्यालाच कळलं नाही. अर्जातली थाप उघडी पडेल ही भीती होतीच. पण भीती हे निमित्त.

बितोर म्हणाला, तापलाय स्टार्टर, थंड झाला की धरेल कधीकधी. मग दोघं खोलीच्या सावलीला बसले. तेओफिलोनं मटण शिजवलं, बटाटे उकडले, भात टाकला. एरवी तो उभ्यानंच खायचा. आज दोन ताटल्या मांडल्या. बितोरनं दोनदा भात मागून घेतला. जेवताना तो आपल्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलला. टेकडीवर त्यानं दगडांवर दगड रचून माणसाएवढी चळत उभी केली होती. दुसऱ्या हिवाळ्यात तो तिच्याशी भांडायला लागला, आणि एकदा रागानं तिला पाडली. “मग आठ दिवस करमेना,” बितोर म्हणाला. “परत रचली. पण ती तशी झाली नाही.”

तेओफिलो हसला. मग त्यालाही बोलणं फुटलं. बायको नेलिदा, तिची शिवणकामाची मशीन, शेजारणीशी भिंतीवरून चाललेलं भांडण, गेल्या पत्रात मुलीनं काढून पाठवलेलं त्याचं चित्र. चित्रात त्याला मिशा होत्या. त्याला मिशा कधीच नव्हत्या. पोरगी विसरत चालली होती बहुतेक, असं तो म्हणाला, आणि मोठ्यानं म्हटल्यावर ते त्याला पहिल्यांदाच खरं वाटलं. बितोरनं फक्त मान हलवली. तेवढंही पुष्कळ होतं. मध्ये मध्ये बितोर उठायचा, चावी फिरवायचा, टक् ऐकून परत यायचा. दर वेळी तेओफिलो हातातला घास तसाच धरून ऐकायचा, आणि तो परत आला की बरं वाटायचं.

तीन वाजता बितोर उठला तो गाडीकडे गेला नाही. पाच लिटरचा पाण्याचा डबा काढून त्याला दोरी बांधू लागला. कुठं निघालात, तेओफिलोनं विचारलं.

“ऑरेलिओकडे, पुढच्या तळावर. गेल्या गुरुवारी घोड्यानं लाथ मारून त्याची टाकी फोडली. आज दुपारपर्यंत पुरेल एवढंच पाणी ठेवून आलो होतो मी.”

“अकरा मैल आहे काका.”

“माहीत आहे मला किती आहे. आणि घोड्यावर बसायची कमर राहिली नाही माझी.”

आणि तो निघाला. एक पाय ओढत, डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. तेओफिलो बघत उभा राहिला. म्हातारा झुडपांत कमरेइतका, मग छातीइतका बुडाला, तेव्हा तो गाडीच्या पेटीतला पाना घेऊन गाडीखाली शिरला. बोल्ट सैलच होता. वायरीचं टोक हिरवट पांढऱ्या गंजानं माखलेलं. चाकूनं खरवडून लखलखीत केलं, खालचं लोखंड घासलं, बोल्ट आवळला. चावी फिरवली तसं इंजिन एका दमात सुरू झालं.

माळावर आवाज लांब जातो. दूर बितोर थांबला, वळला. परत यायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ तेओफिलो हात पुसत उभा होता. हात केव्हाच पुसून झाले होते.

बितोरनं वाकून ते चकचकीत टोक पाहिलं.

“कधीपासून माहीत होतं?”

“तुम्हाला चटका बसला तेव्हापासून.”

तेओफिलो शिव्यांची वाट पाहत होता. बितोरनं डबा गाडीत ठेवला, दार ओढून घेतलं आणि काचेतून म्हणाला, “तिकडं ऑरेलिओसुद्धा सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसलाय, तेओ. त्याचाही गुरुवारच आहे.” आणि गेला.

पुढचा आठवडा सगळ्यात लांब गेला. बितोर रँचवर हे सांगेल आणि दुसराच कोणीतरी आपल्याला परत पाठवायचे कागद घेऊन येईल, असं तेओफिलोला वाटत होतं. गुरुवारी बितोरच आला. त्यानं इंजिन बंद केलं नाही, खालीही उतरला नाही. तेओफिलोनं एकट्यानं सामान उतरवलं. ऑरेलिओ बरा आहे ना, एवढं त्यानं विचारलं. बितोर म्हणाला, बरा आहे, त्या दिवशी स्वतःच्या वाटणीचं पाणी घोड्याला पाजून बसला होता.

गाडी हलली तसा तेओफिलो दाराला धरून चार पावलं बरोबर चालला.

“काका, त्याचं गाव कुठलं?”

बितोरनं ब्रेक दाबला. विचार केला. “चार वर्षं झाली त्याला इथं येऊन,” तो म्हणाला, “मी कधी विचारलंच नाही. पुढच्या वेळी सांगतो.”

धूळ खाली बसेपर्यंत तेओफिलो तिथंच उभा होता. मग त्यानं कुत्र्यांना हाक मारली आणि मेंढ्या पाण्याकडे वळवल्या.