माझी कोरी बाजू

गोणीला कोण विचारतं म्हणा! भरली की उचलायची, रिकामी झाली की कोपऱ्यात फेकायची. पण आज मी बोलणार आहे. फुलसावंगीच्या वाटेवर एक तांडा आहे, तिथे धावजीच्या अंगणात कडुलिंबाच्या फांदीला मी टांगलेली असते. धावजीचा मुलगा भावसिंग मुक्केबाज आहे, सगळ्यात वजनदार गटातला. त्याला हेवीवेट म्हणतात. जिल्ह्यात त्याच्यासमोर कुणी टिकत नव्हतं, आणि पुण्याच्या मोठ्या सामन्यांत मात्र तो हरून यायचा. का हरायचा, याबद्दल लोक पुष्कळ बोलले. खरं कारण माझ्या अंगावर होतं, म्हणून मीच ते सांगितलेलं बरं.

माझा जन्म बैलाच्या पाठीसाठी झाला. तांड्यातले लोक तेव्हा मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलखामुलखांत नेत. हंसाबाई म्हणजे भावसिंगची आई. तिच्या आजेसासूने अंबाडीच्या जाड कापडाच्या आम्ही दोघी बहिणी शिवल्या, एक बैलाच्या या अंगाला, एक त्या अंगाला. आणि आमचा बैल पुढचा होता! पुढच्या बैलाचा मान मोठा. म्हणून माझ्या एका बाजूवर देवीचं तोंड काढलं होतं. वेगळ्या फडक्यावर लाल-पिवळ्या दोऱ्यांनी भरून वरून शिवलेला चौकोन, मध्ये डोळ्यांसारखी दोन भिंगं, कडेने कवड्या. तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि देवीलाही याडीच म्हणतात. त्या चौकोनाला कुणी पाय लावत नसे. ज्या अंगाला याडी, त्या अंगाने बैलालासुद्धा कुणी काठी मारत नसे. रीतच होती तशी. लहान लेकरांना चालता येऊ लागलं की आधी हेच शिकवत.

पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या. बैलांवरची ने-आण संपली. तांडा एका जागी वसला, लोक कापूस-तूर पेरू लागले. माझी बहीण उंदरांनी खाल्ली. मी माळ्यावर पडून राहिले. पण वाईट वाटून घेतलं नाही. ज्याच्या त्याच्या कामाची वेळ येते.

माझी वेळ छप्पन साली आली. फुलसावंगीच्या बाजारात कापसाची भरली गाडी एका चाकावर कलंडत होती. भावसिंगने खाली शिरून तिला खांदा दिला आणि चाक परत जमिनीवर टेकवलं. बाजूलाच किसनराव हवालदार पान खात उभे होते. फौजेतून परतलेले, पलटणीत मुक्केबाजी केलेले. ते संध्याकाळी थेट तांड्यात आले.

"धावजी, हे पोट्टं मले दे."

"कायले? नांगराले?"

"नांगराले तुले राहू दे. मी याले मुक्के माराले शिकवतो."

"मुक्के तं तो बिनशिकता मारते, हवालदारसाहेब. मागच्या होळीले दोघायले झोपवलं."

सगळे हसले. हंसाबाई मात्र हसली नाही. तिने विचारलं, "लेकराले लागन का?"

"लागन," किसनराव म्हणाले. बाई खोटं बोलणाऱ्याला लगेच ओळखते, हे त्यांना ठाऊक असावं.

मुक्के मारायला कातडी पिशवी लागते. ती नागपूरहून आणायची ऐपत कुणाची नव्हती. मग हंसाबाईने मला माळ्यावरून काढलं, झटकलं, उन्हात वाळवलं. पोटात सरकी आणि चिंध्या भरल्या, तळाला थोडी वाळू घातली, आणि तोंड शिवून टाकलं. किसनरावांनी मला वरून फांदीला आणि खालून खुंटीला बांधलं, म्हणजे मी गरगर फिरू नये. हंसाबाईने एवढंच सांगितलं की याडीचं तोंड घराच्या दाराकडे ठेवा. रोज सकाळी कुंकू लावता आलं पाहिजे, आणि लेकरावर तिची नजर राहिली पाहिजे.

घर होतं भावसिंगच्या डाव्या हाताला.

हंसाबाई मंगळवार धरणारी. त्या दिवशी तिने मनात ठरवलं की मुलगा मोठ्या सामन्यात जिंकेपर्यंत मंगळवारी मीठ खायचं नाही, आणि जिंकला की माहूरच्या देवीला पायी जायचं. तिचं बोट कुंकू लावताना माझ्या कवड्यांवरून फिरायचं, तेव्हा मला सगळं कळायचं.

आणि भावसिंग कसा मारायचा म्हणून सांगू! उजवा हात आला की माझी पाठ कडुलिंबाला टेकायची. किसनराव रविवारी येत आणि पायांची चाल, मान खाली, हनुवटी आत, असं सगळं शिकवत. त्यांच्या पंजाला लढाईत जखम झाली होती, त्यामुळे ते स्वतःच्या तळव्यावर मुक्के घेऊ शकत नव्हते. बाकीचे दिवस भावसिंगची गुरू मीच.

यवतमाळला तो पहिल्याच फेरीत जिंकला. नागपूरलाही जिंकला. तांड्यात डफ वाजले, आणि शेजारची धुरपताबाई हंसाबाईला म्हणाली, "हंसे, तुह्या पोट्ट्याचा हात हाये का उखळातलं मुसळ वो?" हंसाबाईने हसत तिच्या हातावर गूळ ठेवला.

मग पुणं. तिथे अंतिम सामन्यापर्यंत जाणाऱ्यांना देशाच्या मोठ्या शिबिरात बोलावतात. भावसिंगला तेवढंच हवं होतं. तिथे उपांत्य सामन्यात एका फौजी मुक्केबाजाकडून तो हरला. पुढल्या खेपेलाही त्याच फौजीकडून.

परत आल्यावर किसनरावांनी तो सामना माझ्याभोवती फिरून करून दाखवला. ते स्वतः फौजी झाले होते आणि धाप टाकत होते.

"हा असा तुह्या उजव्या हातापासून दूर सरकते. सरकत सरकत कुठं येते? तुह्या डाव्या हाताच्या तोंडात! तिथं डावा बाजूनं फिरवून कुशीत हाणाचा. तू काहून उभा राह्यतं बे, पाहुण्यासारखा?"

"उस्ताद, हात उठते," भावसिंग म्हणाला.

"मंग जाते कुठं?"

भावसिंगने डावी मूठ उघडून पाहिली आणि परत मिटली.

मग गावाने उत्तरं शोधली. कुणी म्हणालं, मोठं धूड आहे पण काळीज चिमणीचं. कुणी म्हणालं, दूध जास्त पाजलं म्हणून अंग जड झालं. धुरपताबाई म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळ. धावजीचं मत होतं की आगगाडीच्या प्रवासाने हात आखडतो. आणि किसनराव, ज्यांचा या मुलावर जीव होता, ते एकदा रागाने "आळशी आहेस" म्हणून गेले. भावसिंग ते ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आळशी माणूस असा येत नाही.

निरोप आला की पुण्याला अजून एकदा बोलावणं आहे. किसनराव म्हणाले, "या खेपेले नाही झालं तं पुन्हा नाव घेनार नाही त्याचं कोनी."

त्याच आठवड्यात माझी उजवी बाजू फाटली. सरकी सांडली. हंसाबाईने मला खाली उतरवून मांडीवर घेतलं आणि दाभण ओवलं. मंगळवार होता, तोंडात अळणी भाकरीची चव. ती ठिगळ लावत गेली. उजवीकडे एकावर एक ठिगळं. मध्ये कापड घासून पातळ झालेलं. मग तिने मला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला. याडीच्या बाजूचं कापड कोरं होतं. जसं तिच्या आजेसासूने शिवलं तसंच. एक दोरासुद्धा उसवलेला नाही, एक कवडी हललेली नाही.

"भावसिंग, इकडं ये बरं."

"काय, याडी?"

"त्या अंगाले एवढे ठिगळ, अन् या अंगाले तुहा हात लागलाच नाही. काहून?"

त्याने मान खाली घातली. "तिथं याडी हाये ना."

"मंग?"

"मंग काय? तिच्या तोंडावर बुक्की मारू?"

हंसाबाईने कवड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "अन् पुण्याले? त्या फौज्याच्या कुशीवर याडी होती का?"

"नव्हती. पण हात अर्ध्यात गेला की थांबते. मी थांबवत नाही. तो आपल्या मनानं थांबते."

बघा, केवढी साधी गोष्ट! मुलगा भित्रा नव्हता, जडही नव्हता. त्याने फक्त आईचं ऐकलं होतं. इतकं मनापासून ऐकलं होतं की हाताला सवय होऊन गेली. जिल्ह्यात उजव्या हातावर भागलं, कारण दुसरा फटका मारायची वेळच येत नव्हती. मोठ्या सामन्यात सगळेच बलवान. तिथे समोरचा माणूस तुमची न शिकलेली बाजू शोधून काढतो आणि तिथूनच निघून जातो.

धावजी म्हणाला, "चौकोनाले हात लावू नको. आजीच्या हातची याडी हाये."

"आजीनं ते बैलाले जपाले काढलं होतं," हंसाबाई म्हणाली. "लेकराचा हात बांधाले नाही काढलं."

तिने अंघोळ केली, दिवा लावला, माझ्यासमोर पदर पसरून बसली. देवीशी काय बोलली ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. मग एकेक टाका जपून उसवला. कवड्या, भिंगं, सगळा चौकोन देवाच्या फळीवर लाल फडक्यात ठेवला, आणि मला परत टांगलं.

"मार आता."

भावसिंगने डावा हात उचलला. फिरवला. आणि हात माझ्यापासून वीतभर लांब थांबला. चौकोन गेला होता, पण उन्हाने विटलेल्या माझ्या अंगावर त्या जागेचा गडद चौकोन तसाच उमटलेला होता. पोराच्या कपाळावर घाम आला.

तेव्हा हंसाबाईने पदर खोचला. कोपरापर्यंत बिलोरी बांगड्यांचा चुडा असलेला तो हात. तिने मूठ वळली आणि त्या गडद चौकोनावर धाडकन मारली. बांगड्या खळखळल्या. कुंपणापलीकडून धुरपताबाई ओरडली, "अवो हंसे! पोट्टं हारलं म्हनून गोणीले मारून राह्यली का?"

हंसाबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने माझ्या अंगाला कान लावला. "लागलं का वो याडी तुले?" ती ऐकत राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "नाही म्हन्ते. म्हन्ते, मी तुह्या लेकाच्या हातात हाव, त्याच्या समोर नाही. अन् एवढा नाजूक हात असन तं त्याले घरी बसव, लुगडे धुवाले लाव."

धावजीला हसू आवरेना. भावसिंगही हसला आणि हसता हसताच त्याने मारलं. पहिला फटका मऊ होता. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला मी अशा अंगाने वाकले की जन्मात कधी वाकले नव्हते. अंबाडीचं कापड करकरलं. मला दुखलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं. इतकी वर्षं अर्धीच कामाला आले होते.

रविवारी किसनराव आले. सगळं ऐकून बाजेवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी त्याले आळशी म्हनलं, हंसाबाई."

"म्हनलं तं म्हनलं, भाऊ. आता डावा शिकवा."

शिकवला त्यांनी. मीही शिकवला.

पुण्याला तोच फौजी समोर आला. किसनरावांनी परत येऊन सांगितलं ते असं. पहिली फेरी जशी नेहमी होते तशी झाली. दुसऱ्या फेरीत फौजी उजव्या हातापासून दूर सरकला, आपल्या ओळखीच्या वाटेने, अगदी निर्धास्त. आणि भावसिंगचा डावा हात बाजूने फिरून त्याच्या कुशीत गेला. थांबला नाही. फौजी खाली बसला तो मोजणी संपली तरी बसलेलाच. मग उठून म्हणे त्याने भावसिंगला विचारलं, "यह हाथ कहाँ रखा था अब तक?"

अंतिम सामना भावसिंग गुणांवर हरला. डावा हात अजून नवा आहे, त्याला वेळ लागेल. पण शिबिराला त्याला बोलावलं, आणि हंसाबाई माहूरला पायी जाऊन आली. धुरपताबाईने विचारलं, "हारला ना वो शेवटी? मंग नवस कसा फेडला?" हंसाबाई म्हणाली, "चौकोन उसवला त्या दिवशी मी हात मागितला होता, तो देला तिनं. बाकी तो पाहून घेईन."

ज्या मायमाऊल्या हे वाचत असतील त्यांना माझं एकच मागणं आहे. उपास करा, दिवे लावा, लेकरासाठी जे मागायचं ते मागा. देव ऐकतो, मी पाहिलं आहे. फक्त अधूनमधून लेकराची गोणी मांडीवर घेऊन उलटीपालटी करून बघा. कुठली बाजू कोरी राहिली, ते आईच्या बोटांना सगळ्यांत आधी कळतं.

परवा तो शिबिरातून चार दिवसांसाठी घरी आला. तिथे त्याला चांगली कातडी पिशवी आहे, तरी सकाळी उठून माझ्याकडेच आला. डावा असा आणला की माझी शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत उसवली आणि सरकी त्याच्या पायांवर ओतली. तो दचकून मागे सरला.

"याडी, फाटली!"

हंसाबाई दारात बसली होती. तिने दाभणात दोरा ओवला, दातांनी तोडला आणि म्हणाली, "फाटू दे. तू मारत राय. शिवाले मी बसली हाव."