खांबापलीकडचा आवाज

“लग्नाच्या फेरीत आमचा तेइजी तर मुका उभा होता गं, मग ही बया उत्तर कुणाला देत होती?”

वाळत घातलेल्या कांद्यांआड मिसाओच्या सासूबाई, तोकुए, आपल्या नणंदेला, किनुआत्यांना, विचारत होत्या. पलीकडे जुड्या बांधणाऱ्या मिसाओचे हात जागीच थांबले.

“उत्तर कसलं? जीभ आवरली नाही, दुसरं काय!” किनुआत्या म्हणाल्या.

जगातलं पहिलं बेट आपलंच, असं मानणाऱ्या त्या गावात नवरानवरी घराच्या मधल्या खांबाला दोन बाजूंनी फेरी घालत, आणि समोरासमोर येताच आधी नवरा बोले, मग नवरी. उच्चारलेला शब्द तिथे विरत नसे, घडत असे. पहिल्या देवजोडप्यात बाई आधी बोलली म्हणून बिनहाडांचं मूल जन्मलं आणि ते बोरूच्या काड्यांच्या होडीत घालून समुद्रात सोडावं लागलं, हे पोराटोरांनाही पाठ होतं.

पण मिसाओ आधी बोललीच नव्हती. ‘किती सुंदर मुलगी!’ हे तिने खांबापलीकडून स्वच्छ ऐकलं होतं. आवाज जरा ओलसर वाटला. थंडीने घसा बसला असेल, असं समजून तिने ‘किती देखणा पुरुष!’ म्हटलं. पुढे सहा महिने नवऱ्याचा कोरडा, खरखरीत आवाज रोज ऐकूनही तिच्या मनात काही आलं नव्हतं. आता तिला पाचवा महिना होता, आणि सासरे पडवीत बसून बोरू विणत होते. टोपली असेल, असं ती आठवडाभर स्वतःला समजावत होती. पण टोपलीला होडीसारखं निमुळतं टोक कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी दोघांना खांबापाशी उभं केलं.

“देवांनीसुद्धा पुन्हा फेरी घालून चूक सुधारली होती. या खेपेला नीट उत्तर दे हो, सूनबाई, की ती होडी चुलीत.”

“आणि तू रे,” किनुआत्यांनी भाच्याला टोचलं, “मासा अडकल्यासारखा आ वासून राहू नकोस!”

फेरी झाली. घामाघूम तेइजी जवळजवळ ओरडलाच, “किती सुंदर मुलगी!”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी होडी पेटवायला काडी ओढली. मिसाओने तोंड उघडलं, आणि अगदी तिच्या कानामागे, लग्नातल्या त्याच ओलसर आवाजात, कुणीतरी तेच शब्द हळूच म्हटले. एकाचीही मान वळली नाही. फक्त पोटातलं मूल, जे आजवर कधी हललं नव्हतं, त्या आवाजाच्या दिशेने सावकाश वळलं.

“होडी जाळू नका, सासूबाई,” मिसाओ म्हणाली. “बाळाचे वडील आलेत.”